संगणकावरील मराठी दस्तऐवज : अक्षर, फॉन्ट आणि मुद्रण
(भाषणाचा मजकूर)



वाकड हे एके काळी शेतकऱ्यांचे गाव होते. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असून शेजारच्या हिंजवडीतील संगणक-उद्योगांत काम करणारी असंख्य कुटुंबे तेथे राहतात. ज्या परिसरातून जगभरच्या कार्यालयांची कामे संगणकावर पार पडतात, तेथील मराठी ठरावही कोणत्याही संगणकावर निर्वेधपणे वाचता यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात तिचे स्थान दिले. पुढे कार्यालयांत संगणक आले, तेव्हा अनेक फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविण्यात आले. कागदावर मराठी उमटे. संगणकाच्या स्मरणात मात्र रोमन अक्षरांचेच संकेत राहत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अशी फाईल उघडली, की ग्रामसभेच्या ठरावाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि खातेदाराचे नाव शोधूनही सापडत नाही.

यावरील उपाय अक्षराचा संकेत व त्याचे रूप यांच्या भेदात आहे. 1991 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली प्रमाण ठरविली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीसाठी 128 स्थानांचा स्वतंत्र विभाग राखला. 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’नेही भारतीय भाषांच्या संगणकीकरणास मोठा हातभार लावला. युनिकोडमध्ये ‘क्ष’ हा क, हलन्त आणि ष अशा तीन संकेतांनी साठविला जातो. त्यांचे जोडाक्षर घडविणे हे फॉन्टचे काम असते. ते नीट न झाल्यास अर्थही बदलतो. ‘आचार्यांना’ दिलेले मानधन आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली मजुरी यांत केवळ रफार व अर्धा र एवढेच अंतर आहे!

ही तपासणी करण्यास महागडी साधने लागत नाहीत. लिनक्स प्रणालीत कमांड लाइनवर, म्हणजे कळफलकाने थेट आज्ञा लिहून, ती करता येते. ‘एफसी-लिस्ट’ या आज्ञेस मराठी भाषेची अट जोडली, की मराठीस उपयुक्त असलेल्या फॉन्टची यादी मिळते. लोहित, मुक्ता यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट ठरावीक फोल्डरमध्ये ठेवून ‘एफसी-कॅश’ ही आज्ञा दिली, की संगणक त्यांची नोंद घेतो. मजकुराची पीडीएफ तयार झाल्यावर ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा तीत कोणते फॉन्ट वापरले आहेत व ते फाईलमध्येच अंतर्भूत आहेत की नाहीत, हे सांगते. अंतर्भूत असल्यास दुसऱ्या कार्यालयातही अक्षरांचे तेच रूप दिसते. शेवटी ‘एलपी’ या आज्ञेने प्रतींची संख्या, कागदाचा आकार व दोन्ही बाजूंस छपाई हे ठरविता येते. शंभर नोटिसा छापावयाच्या असल्यास प्रत्येक फाईल उघडण्याचे श्रम वाचतात.

मात्र जुन्या फाईलींतील फॉन्टचे नाव बदलल्याने त्या युनिकोड होत नाहीत. त्यांचे रूपांतर करून मूळ प्रतीशी, विशेषतः नावे व आकडे, ताडून पाहणे अगत्याचे आहे. शिक्षकांनी ही दृष्टी विद्यार्थ्यांना द्यावी, पंचायत सदस्यांनी आपल्या दप्तराविषयी हा प्रश्न विचारावा आणि अधिकाऱ्यांनी नवा मजकूर युनिकोडमध्येच साठविला जाईल याची दक्षता घ्यावी. छापील कागद आजची गरज भागवितो. परंतु पुढील पिढीस आपल्या गावाची नोंद शोधता यावी, यासाठी कागदामागील अक्षरही शुद्ध असले पाहिजे.