खळ्यातला किल्ला आणि राजाचा डोंगर

दिवाळी जवळ आली की आपल्याकडची पोरं खळ्याच्या कोपऱ्यात किल्ला करायला घेतात. चार चिरे, दोन पाट्या तांबडी माती, वर अळीव पेरलेलं. रत्नागिरीत चहूकडे खरे डोंगर असताना ही हातभर टेकडी कशाला रे, असं पोरांना विचारून बघा. उत्तर ठरलेलं : "हा आमचा हाय!"

मोठी माणसंही हेच करत आली आहेत. स्कॉटलंडमध्ये पर्थ शहराजवळ स्कोन नावाची जुनी जहागीर आहे. तिथल्या वाड्यासमोर हिरवळीवर एक बुटकी टेकडी आहे, तिचं नाव मूट हिल. स्कॉटलंडच्या राजांचा राज्याभिषेक स्कोनला होत असे. 1306 साली रॉबर्ट ब्रूसचाही तिथेच झाला. लोककथा सांगते, की सरदारांना राजनिष्ठेची शपथ स्वतःच्या भूमीवर उभं राहून घ्यायची असे. मग ते बुटांत आपापल्या मुलखाची माती भरून आणत आणि शपथ झाली की तिथेच ओतून जात. त्या मातीची टेकडी झाली, म्हणून तिला गमतीने 'बूट हिल'ही म्हणतात.

आता आपल्या थिबा राजाकडे वळू. तो ब्रह्मदेशचा राजा; त्याची राजधानी मंडाले वसली सपाट मैदानात. तिथल्या राजवाड्याच्या बागांत कालवे खणले होते, तळी केली होती, खडक रचून लुटुपुटीचे डोंगर आणि गुहा उभारल्या होत्या. नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रज फौज मंडालेत शिरली, तेव्हा थिबा शरण आला तो अशाच बागेतल्या एका मंडपात. एप्रिल 1886 मध्ये त्याला रत्नागिरीला आणलं. बरीच वर्षं बंगल्यांत काढल्यावर 1910 साली सरकारने बांधलेला राजवाडा त्याला राहायला मिळाला.

राजवाड्याची जागा काय वर्णावी! अस्सल कातळाचा उंच सडा, खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र. मंडालेच्या बागेत जे मजुरांच्या हातांनी रचावं लागलं, ते इथे निसर्गाने आयतं दिलं होतं. पण राजाला रत्नागिरी सोडायची मुभा नव्हती. सडा सरकारचा, वाडा सरकारचा, आणि तिथून दिसणाऱ्या समुद्रावर गलबतं जायची ती दुसऱ्यांची. बुटात भरून आणावी अशी मूठभर मातीही त्याच्या ताब्यात उरली नव्हती. डिसेंबर 1916 मध्ये तो इथेच वारला. त्याची समाधी शिवाजीनगरात आहे.

सूर्यास्त बघायला आपण थिबा पॉइंटवर नेहमी जातो. यंदा किल्ल्याची माती कालवण्याआधी पोरांना राजवाड्यातही घेऊन जा. वरच्या मजल्यावरून खाडी दाखवा आणि या राजाची गोष्ट सांगा. खळ्यातल्या हातभर किल्ल्याला पोरं 'आमचा' का म्हणतात, ते मग आपल्यालाही नीट कळेल.