जीव वाचतो, माणूस परत कोण आणणार?

(डिंगोरे, ता. जुन्नर येथील कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



‘पुनर्वसन’ हा शब्द डिंगोऱ्याच्या पंचक्रोशीला नवा नाही. कुकडी प्रकल्पाची धरणे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत उभी राहिली. पिंपळगाव जोगे, माणिकडोह, डिंभे येथील जलाशयांखाली घरे आणि शिवारे गेली. त्या काळात महाराष्ट्रभरच्या धरणग्रस्तांनी एक गोष्ट सरकारच्या गळी उतरवली. ज्याचे सर्वस्व गेले त्याला पुन्हा उभे करणे हा उपकार नव्हे, तो त्याचा हक्क आहे. १९७६ साली राज्याने त्यासाठी कायदा केला. त्याची अंमलबजावणी किती झाली हा वेगळा प्रश्न. पण तत्त्व मान्य झाले.

त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आज विचारात घ्यावयाचा आहे. धरणाने शेत बुडते, तसे अपघाताने माणसाचे शरीर आणि मन बुडते. त्याचे पुनर्वसन कोणी करायचे?

डिंगोरे गाव नगर-कल्याण महामार्गावर, ओतूर आणि माळशेज घाट यांच्या दरम्यान आहे. जुन्नरचा कांदा, टोमॅटो, भाजीपाला रात्री-अपरात्री याच रस्त्याने कल्याण-मुंबईकडे जातो. पिकअपचा वेग चालकाच्या मर्जीने ठरत नाही. तो पहाटेच्या बाजाराच्या वेळेने ठरतो. डिसेंबर २०२३ मध्ये डिंगोरे परिसरात याच महामार्गावर एका अपघातात आठ माणसे दगावली. अशा अपघातांत मृतांचा आकडा समाजाच्या लक्षात राहतो. परंतु डोक्याला मार लागून जे वाचतात, त्यांची गणना ‘जखमी’ या एका शब्दात संपते. प्रत्यक्षात त्यांची आणि त्यांच्या घराची लढाई त्या दिवशी सुरू झालेली असते.

मेंदू हा घट्ट विरजलेल्या दह्याइतका मऊ अवयव आहे. वेगात चाललेले डोके एकाएकी थांबले की तो कवटीच्या आतल्या हाडावर आदळतो, पिळवटतो. त्यातील सूक्ष्म तंतू ताणले जातात, तुटतात. पुढच्या काही तासांत रक्तस्राव, सूज आणि प्राणवायूची कमतरता यांमुळे नुकसान वाढत जाते. रुग्णाची शुद्ध किती हरपली हे मोजण्याचे माप ग्लासगो येथील दोन डॉक्टरांनी १९७४ साली तयार केले. डोळे, वाणी आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण त्यात दिले जातात. गुण आठ किंवा त्याहून कमी असले की इजा गंभीर. येथवरचे काम शल्यचिकित्सक आणि अतिदक्षता विभाग करतात, आणि पुष्कळदा यशस्वीपणे करतात. जीव वाचतो. टाके निघतात. रुग्णाला घरी सोडले जाते.

घरी मात्र जो येतो तो पूर्वीचा माणूस नसतो. एका अंगातील शक्ती गेली असेल तर ती दिसते आणि शेजारीपाजारी हळहळतात. न दिसणारी इजा त्याहून कठीण. सकाळी सांगितलेले दुपारी आठवत नाही. शब्द ओठांवर येतो पण बाहेर पडत नाही. कपाळामागच्या भागाला मार बसला असेल तर शांत स्वभावाचा माणूस क्षुल्लक कारणावरून भडकतो, काम अर्धे टाकून उठतो, पैशाचा हिशेब चुकवतो, आणि आपल्यात काही बदल झाला आहे हे त्याला स्वतःला उमगत नाही. तासाभराच्या कामाने तो दमून जातो. गाव म्हणते, आळशी झाला. कोणी म्हणते, डोक्यावर परिणाम झाला. कोणी देवऋषाकडे नेण्याचा सल्ला देते. मेंदूच्या जखमेला स्वभावाचा दोष ठरवले गेले, की उपचाराची वाट बंद होते.

ती वाट खुली आहे, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. परंतु शिल्लक राहिलेला मेंदू नव्या जोडण्या करू शकतो, आणि त्या जोडण्या सरावाने पक्क्या होतात. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत अधिक असतो. पुढेही ती कित्येक वर्षे चालू राहू शकते. म्हणून उपचार रुग्ण खाटेवर असतानाच सुरू व्हावे लागतात. दर दोन तासांनी कूस बदलणे, सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हलवणे, गिळता येते की नाही हे तपासूनच तोंडाने अन्न देणे, ही पहिली पायरी. मग भौतिकोपचार तोल आणि चाल परत आणतो, वाचोपचार शब्द परत आणतो, आणि व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी माणसाला त्याच्या रोजच्या कामाकडे परत नेते. सदऱ्याची बटणे लावणे, चहा करणे, कांदा निवडून प्रतवारी लावणे, डेअरीत घातलेल्या दुधाची नोंद ठेवणे, ही सर्व कामे योग्य क्रमाने दिली तर औषधच असतात. स्मरणशक्तीची उणीव भरून काढण्यासाठी खिशातली वही, भिंतीवरचे कॅलेंडर आणि ठरलेला दिनक्रम यांचा आधार शिकवावा लागतो.

हे शास्त्र श्रीमंतांच्या चैनीतून आलेले नाही. त्याची फार मोठी वाढ महायुद्धांच्या जखमांतून झाली. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर ल्यूरिया यांनी उरल भागातील रुग्णालयात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार केले. त्यांतील झासेत्स्की नावाचा तरुण अधिकारी १९४३ साली स्मोलेन्स्कच्या आघाडीवर गोळी लागून जखमी झाला होता. त्याला वाचता येईना, अक्षरे ओळखता येईनात. तेव्हा त्याला एकेक अक्षर आठवण्याऐवजी, हात न उचलता सबंध शब्द एका दमात लिहावयास सांगण्यात आले, आणि हाताने तो लिहून काढला! डोळ्यांना विसर पडलेले हाताच्या सवयीत शिल्लक होते. स्वतः लिहिलेले वाचण्याचेही कष्ट पडत असताना त्याने पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ आपली हकीकत लिहिली, आणि ल्यूरियांनी तिच्या आधारे पुस्तक प्रसिद्ध केले. झासेत्स्की पूर्ण बरा झाला नाही. पण जे उरले आहे ते शोधून त्यावर उभे राहता येते, हा पुनर्वसनाचा मूळ सिद्धांत त्याच्या चिकाटीने दाखवून दिला.

महाराष्ट्रालाही या कामाची परंपरा आहे. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्राच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. १९५५ साली हाजी अली येथे केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था उभी राहिली. दोन्ही आरंभ सार्वजनिक संस्थांत झाले, हे ध्यानात ठेवावे. प्रश्न ज्ञानाच्या अभावाचा नाही; ते ज्ञान माळशेज घाट चढून वर का आले नाही, हा आहे.

आता कायद्याकडे पाहा. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राने २०२५ साली रोखरहित उपचारांची योजना जाहीर केली. प्रत्येक जखमीला दीड लाख रुपयांपर्यंत उपचार, अपघातापासून सात दिवसांच्या मर्यादेत. योजना स्वागतार्ह आहे. तिने जीव वाचतील. पण मेंदूची गंभीर इजा झालेला रुग्ण सातव्या दिवशी कित्येकदा शुद्धीवरही आलेला नसतो. त्याच्या पुनर्वसनाचे सहा महिने कोणाच्या खिशातून जावयाचे? २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार नोंदले आहेत. त्यांत मेंदूच्या इजेला स्वतंत्र नाव नाही. हातपाय लुळे पडले किंवा वाचा गेली तर प्रमाणपत्राची वाट निघते; स्मृती आणि विवेक गेलेल्याला मात्र कोणत्या रकान्यात बसवायचे यावरून कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. त्याच कायद्याने पुनर्वसनाच्या सेवा देण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले आहे, परंतु ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’. सरकारची कुवत संपते तेथे घरातील बाईची कुवत सुरू होते.

होय, बाईचीच! पुरुष अंथरुणाला खिळला की पत्नी, आई किंवा सून मजुरी सोडून घरी बसते. एका घराचे दोन रोजगार एकदम बुडतात. तिच्या या कामाला ना मजुरी, ना सुटी, ना नाव. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात दोन मदतनिसांचा दीर्घकाळचा खर्च हिशेबात धरून भरपाई वाढवली. शुश्रूषा हे श्रम आहेत आणि त्यांना मोल आहे, हे न्यायासनाने मान्य केले. ते आरोग्य खात्याने का मान्य करू नये?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार यांची कायम पदे असावीत. वाचोपचाराचे तज्ज्ञ ठरलेल्या वारी तालुक्याला यावेत. आशा कार्यकर्तीला योग्य मानधन देऊन घरभेटीचे प्रशिक्षण मिळावे. सात दिवसांची मर्यादा पुनर्वसनापर्यंत वाढावी. शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसाला भत्ता मिळावा. १९७८ च्या आल्मा-आता जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेतच पुनर्वसनाचा समावेश केला होता. ही मागणी अवास्तव नाही, ती केवळ थकलेली आहे.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्याने हातावर हात ठेवून बसू नये. जखमीला उचलणाऱ्याला पोलीस आणि न्यायालयाच्या जाचापासून कायद्याचे संरक्षण आहे, हे गावोगाव सांगावे. अपघाताच्या भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा अशी अट २०१९ च्या दुरुस्तीने घातली आणि ती एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरीही विसंबून न राहता, ज्याचे सहा महिने रुग्णालयात जातात त्याच्या वतीने कागदपत्रे वेळेत पोहोचवावीत. रुग्णाला दारूपासून आणि डॉक्टरांच्या परवानगीवाचून गाडी चालवण्यापासून परावृत्त करावे. झटके आले तर कांदा हुंगवीत न बसता कुशीवर वळवून रुग्णालय गाठावे. आठवड्यातून एक दुपार त्याच्याजवळ बसावे, म्हणजे घरच्या बाईला तेवढी उसंत मिळेल.

धरणग्रस्तांचा प्रश्न एके काळी एकेका घराचे दुर्दैव समजला जात होता. लोक संघटित झाले तेव्हाच तो सार्वजनिक प्रश्न ठरला. महामार्गाने जखमी केलेल्या माणसांची घरे आज विखुरलेली आहेत, आपापल्या उंबऱ्याआड दुःख गिळीत आहेत. त्यांची नावे आणि गरजा यांची यादी गावागावांतून तयार करणे, हे या कामाचे पहिले पाऊल आहे. आणि त्यासाठी कोणत्याही सरकारच्या परवानगीची आवश्यकता नाही.