मजकूर कोणाचा, जबाबदारी कोणाची?

(चेन्नई येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)

समोर आलेला कागद माणसाने लिहिला की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने, हे ओळखायचे कसे, असा प्रश्न अनेक शाखांनी विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. आरोपपत्र, त्यावरचा खुलासा, अपिलावरचा निर्णय, हे सारे कागदच. कामगाराची भाकरी त्यांवर अवलंबून असते.

हे यंत्र करते काय? अफाट मजकुराच्या आधारे, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव आहे याचा हिशेब करून ते वाक्ये जुळवते. त्यामुळे भाषा गुळगुळीत येते, पण तपशील कधी कधी साफ खोटा असतो.

मग गुळगुळीत भाषेवरून यंत्र पकडता येईल काय? चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी एक ओळखयंत्र काढले. तिच्याच चाचणीत यंत्राच्या मजकुरापैकी अवघा २६ टक्के पकडला गेला आणि माणसांनी लिहिलेला ९ टक्के मजकूर यंत्राचा ठरला. जुलैमध्ये ते बंद झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात ओळखयंत्रे तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ इंग्रजी निबंध त्यांना दिले, तर सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले! कारण काय, तर शब्द मोजके आणि वाक्यरचना ठरावीक.

साथींनो, हे वर्णन कोणाचे आहे? ‘वरील विषयास अनुसरून’, ‘सविनय सादर’ ही आपल्या अर्जांची भाषा. ट्रॅकमनचा इंग्रजी खुलासा युनियनच्या कार्यालयात कोणी जाणता लिहून देतो आणि खाली सही ट्रॅकमनची असते. रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतही चौकशीच्या वेळी युनियनच्या पदाधिकाऱ्याची मदत घेण्याची सोय आहे. उद्या एखादा अधिकारी म्हणाला, ‘ही भाषा तुझी नव्हे, यंत्राची’, तर पहिला बळी हाच कामगार जाईल. याच शहरात १९१८ साली बी. पी. वाडिया यांनी मद्रास लेबर युनियन उभी केली. वाडिया गिरणीत काम करणारे नव्हते. पण शब्द दुसऱ्याचे म्हणून गिरणी कामगारांचे गाऱ्हाणे खोटे ठरले नाही.

तेव्हा भाषेचा वास घेत बसण्यापेक्षा मजकुरातील दाखले तपासा. डिसेंबर २०२४ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाच्या बंगळुरू खंडपीठाने एक निर्णय दिला. त्यात सर्वोच्च न्यायालयाबरोबर मद्रास उच्च न्यायालयाच्या नावावरही एक निवाडा घातला होता. तो शोधून सापडेना! पुढे तो निर्णय मागे घ्यावा लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला. त्यातही अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचा आधार होता. यंत्राने दिलेले दाखले पडताळल्याशिवाय वापरू नयेत, असे न्यायालयाने बजावले. दोन्ही ठिकाणी भाषा कोणाची हे सिद्ध करण्याची गरज पडली नाही. दाखला खोटा निघाला, तेवढे पुरले.

म्हणून आमचे सांगणे असे. आरोपपत्र किंवा अपिलाचा निर्णय हाती आला की त्यातील प्रत्येक परिपत्रकाचा क्रमांक व तारीख मूळ प्रतीशी ताडून पाहा. मूळ प्रत नसेल तर लेखी मागा. निर्णयात त्या कामगाराचे नाव, त्याची ड्यूटी, ते स्टेशन, त्याने मांडलेला मुद्दा आणि त्यावरचे उत्तर आहे काय, हे पाहा. कोणालाही लागू पडेल असा मजकूर असेल, तर तो यंत्राचा असो वा कारकुनाचा, आपल्या अपिलाचा विचार झालेला नाही, असे लेखी कळवा.

हाच नियम आपल्यालाही लागू आहे. आपल्या शाखेतील तरुण कार्यकर्ते मोबाईलवर या यंत्राकडून अर्ज तयार करून घेतात. घेऊ द्या. पण त्यातील नियम पुस्तकात उघडून पाहिल्याशिवाय आणि मजकूर कामगाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय त्याची सही घेऊ नका. खोटा दाखला निघाला तर यंत्राला कोणी नोटीस देणार नाही. नोटीस सही करणाऱ्यालाच येईल.