पेशीच्या अंगावरील खूण

चंद्रपूर जिल्ह्यांतील बल्लारपूरच्या लांकूड-आगारांत येणाऱ्या सागाच्या ओंडक्यांवर हातोड्यानें उठविलेली खूण असते. ती पाहून जाणत्याला ओंडक्याचा ठावठिकाणा कळतो. परंतु आंतला गाभा निकोप आहे कीं पोखरलेला, हें खूण सांगत नाहीं. श्रोतेहो, कर्करोगाच्या संशोधकांपुढेंहि असाच पेंच आहे.

शरीरांतील प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर नाना तऱ्हेचीं प्रथिनें असतात. एकाच प्रथिनाला चिकटणारें प्रतिपिंड घेऊन त्यास चमकणारा रंग जोडावा व पेशींना बारीक धारेंतून एकामागून एक लेसर किरणांपुढून जाऊं द्यावें, म्हणजे कोणत्या पेशीवर कोणती खूण आहे तें यंत्र टिपतें. १९८२ सालीं पॅरिस येथें भरलेल्या परिषदेपासून या खुणांना ‘सीडी’ हीं अक्षरें व क्रमांक मिळूं लागले. त्याच सालीं चंद्रपूरमधून गडचिरोली हा जिल्हा वेगळा झाला. नांवें देण्याचें तें वर्षच असावें!

बांबूचें बेट वरून कितीहि छाटलें, तरी जमिनींतला कंद जिवंत असेपर्यंत पावसाळ्यांत कोंभ फुटतातच. कर्करोगाचेंहि असेंच असेल काय? टोरोंटोच्या जॉन डिक यांच्या प्रयोगशाळेनें १९९४ सालीं रक्ताच्या कर्करोगाच्या मानवी पेशी प्रतिकारशक्ति नसलेल्या उंदरांत सोडल्या. रोग पुन्हां उभा करण्याचें सामर्थ्य सुमारें अडीच लाखांत एका पेशीच्या अंगीं आढळलें. तिच्यावर सीडी-३४ होती, सीडी-३८ नव्हती. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांत शर्मिला बापट व त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं बीजांडकोशाच्या कर्करोगानें ग्रस्त स्त्रीच्या पोटांतील पाण्यांतून अशाच मूलपेशींसारख्या पेशी वेगळ्या केल्या.

गडचिरोलीला यांपैकीं जवळची खूण म्हणजे सीडी-४४. सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या कागदांत घोटून केलेला खर्रा तेथें पानठेल्यावर मिळतो आणि मित्रामित्रांत वाटून खाल्ला जातो. तो सुटावा म्हणून २०१६ सालीं ‘मुक्तिपथ’ ही मोहीम सुरू झाली. खऱ्र्यानें होणारा तोंडाचा कर्करोग शस्त्रक्रियेनंतरहि कित्येकांत उलटतो. २००७ सालीं अमेरिकन संशोधकांस डोक्या-मानेच्या अर्बुदांत सीडी-४४ असलेल्या पेशी बहुधा दशांशाहून कमी आढळल्या, आणि नवें अर्बुद रुजविण्याची शक्ति मुख्यतः त्यांच्यांतच दिसली.

मग सीडी-४४ दिसली कीं पेशी मारावी, एवढेंच उरलें ना? तसें नाहीं. तीच खूण तोंडाच्या निरोगी अस्तरावरहि असते. शिवाय २००८ सालीं असें दिसलें कीं, सीडी-३८ ओळखण्यासाठीं लावलेलें प्रतिपिंडच उंदरांच्या शरीरांत त्या पेशींचा नाश करीत होतें! खूण उठविणाऱ्या हातोड्यानेंच ओंडका फुटावा, आणि ओंडका मुळांतच कच्चा होता असें म्हणावें, त्यांतला हा प्रकार. त्याच वर्षीं त्वचेच्या एका कर्करोगांत, अधिक दुबळे उंदीर वापरतांच, चारांपैकीं सुमारें एक पेशी अर्बुद उठवूं शकते असें आढळलें. मूळ विरळ कीं दाट, हें कांहीं अंशीं उंदरावर अवलंबून होतें तर!

खुणेचा उपयोग प्रत्यक्ष उपचारांत झालाच नाहीं असें मात्र नव्हे. मुंबईची आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालय यांनीं सिद्ध केलेल्या नेक्सकार१९ या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्यें मान्यता मिळाली. त्यांत रुग्णाच्याच टी-पेशींना सीडी-१९ ओळखावयास शिकवून परत शरीरांत सोडतात. निरोगी बी-पेशींवरहि ती खूण असते. परंतु त्या मेल्या तरी रुग्ण तगूं शकतो, म्हणून हें साधलें. तोंडाच्या अस्तराचा असा त्याग परवडणारा नाहीं. आणि कांहीं रुग्णांत तर कर्कपेशी ती खूणच टाकून देतात, व रोग परततो.

खर्रा खाणाऱ्याच्या तोंडांत मात्र यंत्रावांचून दिसणाऱ्या खुणा आधींच उमटतात. तिखट लागतांच आग होते, गालाची आंतली बाजू पांढरी व राठ पडते. पुढें जबडा आखडत जाऊन स्वतःचीं तीन बोटें उभीं तोंडांत जात नाहींत. भामरागडच्या माणसालाहि ती परीक्षा घरीं, आरशापुढें करतां येते.