धुऱ्यावरची निर्गुडी

कापूस वेचणी सुरू झाली की संध्याकाळी घराघरांत एकच गाऱ्हाणं ऐकू येतं. कंबर धरली, गुडघा सुजला, मनगट वळत नाही. ओटी भरून दिवसभर वाकायचं आणि घरी आल्यावर पुन्हा चुलीपुढे बसायचं. मग दुकानातून गोळी आणायची, गिळायची, सकाळी परत वावरात. अशी रोज रोज गोळी गिळली तर ती पोटाला आणि किडनीला बाधते. म्हणून आज निर्गुडीबद्दल बोलू.

आपल्या महागाव तालुक्यात नाल्याकाठी, धुऱ्यावर, पूस आणि पैनगंगेच्या थडीला ती आपोआप उगवते. आपल्याच जिल्ह्यात वणीकडे तर निर्गुडा नावाची नदी आहे. एका देठाला तीन किंवा पाच पानं, हाताची बोटं पसरावी तशी. पान वरून हिरवं, खालून पांढुरकं. फुलं बारीक, निळसर जांभळी. खात्री करायची तर पान चुरगाळून वास घ्या. तो उग्र वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. जनावरंही त्या वासानं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला ती बरी.

शेक कसा द्यायचा? दोन मुठी पाला धुवून घ्या. तव्यावर थोडं एरंडीचं तेल टाकून पाला मऊ होईस्तोवर परता. सुती फडक्यात त्याची पुरचुंडी बांधा. आधी आपल्या मनगटावर लावून पाहा, चटका बसत नसेल तरच दुखऱ्या जागी शेका. वीस मिनिटं पुरे. बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्यात हाच पाला उकळायची रीत आपल्याकडे जुनी आहे. सर्दीत वाफही घेतात. आणि धान्याच्या कोठीत वाळलेला पाला घालणाऱ्या आपल्या आज्या काही वेड्या नव्हत्या, त्या वासानं कीड कमी लागते.

यानं दुखणं हलकं होतं, सूज ओसरते. पण झिजलेला गुडघा काही नवा होत नाही. सांधा लाल, गरम झाला आणि अंगात ताप असला तर पाला बाजूला ठेवा, दवाखाना गाठा. गरोदर बाईनं निर्गुडीचा काढा पिऊ नये, लेकरालाही पाजू नये. कातडीला खाज सुटली तर शेक थांबवा. आणि साप चावल्यावर कोणी निर्गुडीची मुळी उगाळून द्यायला लागलं तर त्याचा हात धरा. त्यावर इलाज एकच, दवाखान्यातलं सापाच्या विषावरचं इंजेक्शन. १०८ ला फोन लावा, मुळी शोधण्यात वेळ घालवू नका.

आता माझ्या मनातली खरी धास्ती सांगते. पाला आणता कुठून? धुऱ्यावरून. आणि धुऱ्याच्या अलीकडे पलीकडे काय आहे? फवारलेली कपाशी. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसेक शेतकरी आणि मजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. तेच औषध वाऱ्यानं धुऱ्यावरच्या झुडपावर बसतं. तोच पाला तुम्ही बाळंतिणीच्या पाण्यात टाकता, त्याचीच वाफ नाकात घेता. नुसतं धुतल्यानं सगळं औषध निघतंच असं नाही. म्हणून कपाशीलगतचा पाला तोडूच नका. लांबच्या नाल्याकडचा आणा. त्याहून सोपं म्हणजे ती घरामागंच लावा.

बोटाएवढ्या जाडीची, वीतभर लांब फांदी पावसाळ्यात ओल्या मातीत अर्धी खोचली की ती धरते. न्हाणीच्या पाण्याजवळ लावली तर वेगळं पाणी घालावं लागत नाही. आपल्या गटात दहा जणी असतील तर दहाही जणींनी लावायची गरज नाही, गल्लीत दोन झुडपं झाली तरी सगळ्यांना पुरतात. फक्त ज्या पंपानं कपाशी फवारता, तो त्या न्हाणीपाशी धुवू नका.