पाहुणा शिंपला आणि पाण्यातील अदृश्य सृष्टी



कामगार चळवळीतल्या माणसांनी शिंपल्यांवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ पासून समुद्राच्या पाण्यावर थंड होते. अशा पाण्याच्या वाटांत शिंपले दाटले की ते खरवडायला कामगारच लागतो.

काळ्या समुद्राच्या टापूतला झेब्रा शिंपला १९८८ साली अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरील सेंट क्लेअर सरोवरात सापडला. रिकामे जहाज डगमगू नये म्हणून त्याच्या पोटात पाणी भरतात. त्या पाण्यातून तो आला. १९८९ साली त्याने मन्रो शहराचे नळ बंद पाडले.

नखाएवढा हा प्राणी दिवसाला सुमारे लिटरभर पाणी गाळतो. अशा कोट्यवधी शिंपल्यांनी इरी सरोवर नितळ केले. लोक खूष झाले! पण जो गढूळपणा गेला, त्यात डायटमसारख्या सूक्ष्म वनस्पती होत्या. ते सरोवराचे शेत. त्यावर डोळ्यांना न दिसणारे प्राणी जगतात आणि त्यांच्यावर माशांची पिल्ले. शेतच ओस पडले, तर कोळ्याच्या जाळ्यात काय येणार?

पुढची गोष्ट याहून वाईट. मायक्रोसिस्टिस नावाचे विषारी शैवाल या शिंपल्याला रुचत नाही. ते तो चिकट वेष्टनात गुंडाळून जिवंतच बाहेर टाकतो. चांगले खाल्ले जाते, विषारी मोकळे सुटते. मुख्य दोष शेतांतून वाहून येणाऱ्या खताचा, हे खरे. पण शिंपल्याने त्याला हातभार लावला. २०१४ साली टोलेडो शहर व परिसरातल्या चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले.

हे दूरदेशीचे, असे कोणी म्हणू नये. याच कुळातला अमेरिकेकडचा एक शिंपला १९६७ साली विशाखापट्टणमला आढळला. पुढे तो मुंबई बंदरातही आला. खाऱ्या पाण्यात तो जगतो, गोड्याशीही जुळवून घेतो. ऑस्ट्रेलियात डार्विनला तो १९९९ साली वेळीच दिसला, म्हणून औषधे ओतून निपटता आला. पसरल्यावर उपाय नाही.

आता आपल्या जिल्ह्यात वाढवण येथे बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली आहे. जहाजे येतील, त्यांच्या पोटातले पाणीही येईल. ते शुद्ध करण्याचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून अमलात आहे. पण कागदावरचा कायदा राबवावा लागतो, हे कामगारांना शिकवायला नको. भाड्याचा नफा जहाजमालकाचा आणि नळाची दुरुस्ती गावाची, हा हिशोब आम्हांला मान्य नाही. धक्क्यावर पाण्याची तपासणी व्हावी आणि तिचा निकाल कोळीवाड्यात वाचून दाखवावा, एवढी मागणी आपण सर्वांनी मिळून करू या.