पहिला कॅमेरा घेताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. मराठी घेऊन बी. ए. झालो. यंत्रांशी माझं कधी फारसं जमलं नाही. तरी आज कॅमेऱ्याविषयी बोलणार आहे. कारण एक कॅमेरा मी चुकीचा निवडला होता आणि त्या चुकीची किंमत त्याच्या बारा हजारांपेक्षा पुष्कळ जास्त निघाली.

गोष्ट २००६ सालची. माझ्या थोरल्या बहिणीचं, आपाचं, सासर मिरजेला. घराणं सतार करणारांचं. मिरजेची ही कारागिरी एकोणिसाव्या शतकापासूनची. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या हातांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली, तेव्हापासूनची. आपाच्या सासऱ्यांना मी चाचा म्हणत असे. पंढरपूर भागातून आलेले वाळके भोपळे छताला टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, एक छोटी खिडकी आणि एक पिवळा दिवा, अशा खोलीत ते जवारी काढत बसत. जवारी काढणं म्हणजे सतारीच्या घोडीचा वरचा भाग कानशीने केसभर घासायचा, तार छेडायची, ऐकायचं आणि पुन्हा घासायचं. तारेतून तो भरलेला, झणझणता नाद निघेपर्यंत हे चालायचं. मला त्या हातांचे फोटो हवे होते. रोलचा खर्च परवडेना, म्हणून वर्षभर पैसे साठवले आणि डिजिटल कॅमेरा घ्यायला शहरातल्या एका दुकानात गेलो.

दुकानदाराने मला दोन आकडे ऐकवले. सात मेगापिक्सेल आणि बारापट झूम. शेजारच्या कॅमेऱ्यापेक्षा दोन्ही आकडे मोठे. मी खूश होऊन घेऊन आलो.

चाचांचे चाळीसेक फोटो काढले. एकाही फोटोत हात धड नाहीत. कुठे धुराची रेघ उमटावी तसे, कुठे रवाळ, काळपट. दिवा उघडा केला, फ्लॅश मारला, तर हात पिठासारखे पांढरे आणि मागची खोली काळीठिक्कर. 'पुढच्या वेळी दिवसा ये, दार उघडून बसू,' चाचा म्हणाले. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी करत २००८ साल आलं आणि चाचा गेले. कॅमेरा माझ्याकडे होता, हातांचा फोटो नव्हता.

परवा २०२४ च्या दिवाळीनंतर भाची माझ्याकडे आली. आपाची धाकटी मुलगी. शिकवण्या करून तिने पंधरा हजार रुपये साठवले होते. म्हणाली, 'मामू, अब्बांचा हात आता थरथरायला लागलाय. जवारी काढताना त्यांचे फोटो काढून ठेवायचेत. कॅमेरा कुठला घेऊ?' त्याच वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं होतं. मला मात्र ते मानांकन आठवलं नाही, धुराच्या रेघा आठवल्या.

या वेळी मी आधी शिकलो, मग दुकानात गेलो. जे शिकलो ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट मेगापिक्सेलची. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना बनवला, तेव्हा त्याच्या चित्रात अवघे दहा हजार ठिपके होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. त्या काळी ठिपके वाढण्याला अर्थ होता. पण सहा बाय चार इंचांच्या नेहमीच्या छापील फोटोला चांगल्या दर्जासाठी सुमारे २२ लाख ठिपके पुरतात. दहा बाय आठच्या मोठ्या फोटोला ७२ लाख. त्यापुढचे आकडे आपल्यासारख्यांच्या फारसे कामाचे नाहीत. मात्रा मोजल्या म्हणून गझल होत नाही, तसंच हे.

दुसरी गोष्ट झूमची. माझ्या बारापटीतली खरी, भिंगाची झूम तीनपटच होती. उरलेली चारपट डिजिटल. म्हणजे कॅमेरा चित्राचा मधला तुकडा कापून ताणून दाखवणार. हे काम घरी संगणकावरही होतं. त्यासाठी पैसे मोजू नयेत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि तीच मला कुणी सांगितली नाही. फोटो उजेडाचा असतो. रोलच्या जागी डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर नावाची चिप असते, तिच्यावर उजेड साठतो. पावसात अंगणात वाटी ठेवा आणि घंगाळ ठेवा. पाऊस तोच, पण घंगाळात पाणी जास्त. माझ्या त्या कॅमेऱ्यातली चिप हरभऱ्याच्या डाळीएवढी, सुमारे २५ चौरस मिलिमीटर. भिंगं बदलता येणाऱ्या साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यातली चिप लहान टपाल तिकिटाएवढी, सव्वातीनशे चौरस मिलिमीटरच्या घरात. म्हणजे तेरापट. वाटीवर सात लिहा नाहीतर सत्तर लिहा, वाटी ती वाटीच.

भिंगाचंही तसंच. भिंगावर एफ २.८, एफ १.८ असे आकडे असतात. आकडा जितका लहान, तितकं भिंगाचं दार मोठं. १.८ च्या दारातून २.८ पेक्षा सुमारे अडीचपट उजेड आत येतो. आता हिशोब पाहा. जिथे माझ्या जुन्या कॅमेऱ्याला सेकंदाचा आठवा भाग दार उघडं ठेवावं लागे, तिथे मोठी चिप जास्त संवेदनशीलतेवर, म्हणजे आयएसओ १६०० वर चालवली आणि १.८ चं भिंग लावलं, तर सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरतो. आठव्या भागात कानस हलते. सव्वाशेव्या भागात ती जागच्या जागी सापडते. चाचांच्या हातांची रेघ का झाली, ते मला अठरा वर्षांनी कळलं.

तुम्ही विचाराल, मोबाईल असताना कॅमेरा कशाला? प्रश्न रास्त आहे. सहली, वाढदिवस, दारातली मुलं यांना मोबाईल पुरतो आणि तो खिशातच असतो. आम्हीही आधी मोबाईलवरच करून पाहिलं. अंधारात मोबाईल भराभर अनेक चित्रं घेतो आणि ती एकमेकांवर बसवतो. घोडी, भोपळा, भिंत सुंदर आली. हलता हात मात्र पुसल्यासारखा आला. तेव्हाच ठरलं, की कॅमेरा लागणार. म्हणून माझं सांगणं असं, की आधी एक वाक्य कागदावर लिहा: मला कशाचा फोटो काढायचा आहे? भाचीने लिहिलं, 'अंधाऱ्या खोलीतले हलते हात.' त्या वाक्याने निम्मी दुकानं आपोआप गळाली.

तीन-चार हजारांत ४८, ६४ मेगापिक्सेल म्हणून विकले जाणारे अनोळखी नावाचे नवे कॅमेरे गळाले. त्यांच्यातले बरेचसे ठिपके कॅमेऱ्याने स्वतःच भरलेले असतात. जुने छोटे कॅमेरेही गळाले. तरुण मुलांत त्यांची फॅशन आल्याने ते उगाच महागलेत, आणि त्यांतल्या काहींना लागणारी एक्सडी कार्डं आता बनतच नाहीत. फार जुन्या कॅमेऱ्यांत तर दोन जीबीपेक्षा मोठं एसडी कार्डही चालत नाही. उरला वापरलेला डीएसएलआर. कंपन्या आता आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्यात, म्हणून जुने आरशाचे कॅमेरे स्वस्त झालेत. आपल्यासारख्यांची हीच संधी.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने मामा-भाची मुंबईला उतरलो आणि स्टेशनाजवळच्या बोरा बाजारात गेलो. भिंग उजेडासमोर धरून आत जाळ्यासारखी बुरशी आहे का पाहिलं. आपल्या पावसाळ्यात ती हमखास धरते. स्वतःचं कार्ड घालून पांढऱ्या भिंतीचा फोटो घेतला आणि मोठा करून काळे डाग शोधले. प्रत्येक बटण दाबलं, फ्लॅश उडवला, बॅटरीचं झाकण पाहिलं. शटर किती वेळा चाललंय तेही विचारलं, पण त्या उत्तरावर भिस्त ठेवली नाही. दोन कॅमेरे परत केले. तिसरा घेतला. कॅनन कंपनीचा ११००डी, २०११ सालचा, मेगापिक्सेल फक्त बारा.

हिशोब असा: कॅमेरा नेहमीच्या भिंगासह साडेनऊ हजार. ५० मिलिमीटरचं १.८ चं जुनं भिंग ३,८००. कार्ड ४००. जादा बॅटरी ७००. एकूण १४,४००. सगळा पैसा कॅमेऱ्यात घालू नका, काही भिंगासाठी ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन. आणि भिंग त्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करतं का, हे लावून पाहा. काही कंपन्यांच्या साध्या कॅमेऱ्यांवर त्यांचीच जुनी भिंगं तसं करत नाहीत.

उरलेले सहाशे रुपये भाची खर्चू पाहत होती. मी म्हटलं, 'बेटा, हे छापण्याचे.' माझ्या २००६ च्या कॅमेऱ्यातले आपाच्या घरचे चांगले फोटोसुद्धा एका बिघडलेल्या संगणकात गेले. कागदावर होते तेवढे वाचले.

गेल्या रमजानच्या आधी मी मिरजेला गेलो होतो. भाचीने दहा बाय आठचा एक फोटो अब्बांच्या हातात ठेवला. खिडकीतून आलेला उजेड, कानस, घोडीवर टेकलेला अंगठा, नखातला भुसासुद्धा दिसत होता. दूल्हाभाई चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, 'अब्बांचा असा एक असायला हवा होता.'

मी काहीच बोललो नाही. भाचीला हळूच म्हटलं, उद्या सकाळी लवकर ऊठ, तंबोऱ्याला भोपळा बसवायचाय त्यांना. कॅमेरा रात्रीच चार्ज करून ठेव.

तुमच्याही घरात असं कुणी असेल. पैसे कमी असले तरी चालतं, फार उशीर मात्र करू नका.